मुमू शिवायला घेताय? आधी एवढं वाचा

मुमू म्हणजे हवाई बेटांवरचा सैल, घेरदार झगा. आधी नाव. हवाईत ते ‘मुउमुउ’ असं, मधला ‘उ’ किंचित तोडून म्हणतात. अर्थ ‘छाटलेलं’. १८२० मध्ये आलेल्या मिशनऱ्यांमुळे तिथे होलोकू हा लांब, योकचा (खांद्या-छातीवर वेगळा तुकडा जोडलेला) झगा रुजला; त्याच्या आत घालायचा बिनयोकचा साधा झगा तो मुमू. पुढे तोच रंगीत होऊन बाहेर मिरवू लागला!

आता शिवण. कंबरेला टक्स (फिटिंगसाठी शिवलेल्या चुण्या) घेऊ नका, सगळा घेर खांद्यावरून सुटू द्या. कापड सुतीच घ्या. आणि कापण्याआधी प्रिंटची दिशा बघा. माझ्या पहिल्या मुमूच्या पाठीवर सगळी जास्वंदं उलटी लटकत होती. घरी मात्र तो अजून वापरते.