टाइड गेजशेजारी, म्हणजे समुद्राच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राशेजारी, जीपीएस बसवलं असेल तर दरवर्षी लेव्हलिंग (एका खुणेपासून दुसरीपर्यंत उंचीतला फरक मोजत जाणं) करायची गरज उरते का?

उरते. मी नागपूरचा, समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पण आमच्या झिरो माइलच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलीय, १०२० फुटांच्या वर. किनाऱ्यावर भरती-ओहोटी मोजून, तिथून स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) रोवत रोवत माणसं इथवर आली, तेव्हा तो आकडा मिळाला. त्यामुळे लेव्हलिंगला कुणी जुनाट म्हटलं की मला राहवत नाही.

कोकणातल्या एका जेट्टीवर मी सर्व्हेअर होतो. गेजचं रीडिंग चार वर्षं चढत होतं आणि साहेब 'समुद्र वाढतोय' असं लिहून मोकळे व्हायला निघाले होते. मी मागच्या कातळावरच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठरलेल्या पक्क्या खुणेपासून, लेव्हल आणली, तर गेजजवळचा खुणेचा बोल्ट आधीपेक्षा १४ मिलिमीटर खाली! जेट्टी भरावावर होती, ती बसत होती. साहेब म्हणाले, "स्टाफ वाकडा धरला असशील." वाकड्या स्टाफवर रीडिंग जास्त येतं आणि खूण खचल्यासारखी दिसते, हे खरंच आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, प्रत्येक रीडिंगला स्टाफ सरळ उभा असल्याचं दाखवणारा बुडबुडा मधोमध आणून जाऊन-येऊन लेव्हल केली. जाताना आणि येतानाच्या आकड्यांत फरक फक्त २ मिलिमीटरचा. तरी माझं पान अहवालात लागलं नाही.

उपग्रहांनी १९९३पासून मोजलेली जागतिक वाढ वर्षाला ३ मिलिमीटरच्या थोडी वर आहे. म्हणजे १४ मिलिमीटरमध्ये चार वर्षांचा समुद्र येतो. गेज सांगतं ते पाणी आणि जमीन यांच्यातलं अंतर, नुसतं पाणी नाही. स्टॉकहोमला हिमयुगाचा बर्फ गेल्यापासून जमीन वर येतेय, म्हणून तिथल्या गेजवर समुद्र उतरताना दिसतो. २००४च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरची जमीन जवळपास मीटरभर खचली.

जीपीएस हवंच. पण अँटेना कार्यालयाच्या गच्चीवर आणि गेज जेट्टीच्या टोकाला असेल, तर तुम्ही गच्चीची हालचाल मोजताय. दोन्हींना जोडतं ते लेव्हलिंगच. अँटेना गेजच्याच बांधकामावर असेल तर काम बरंच हलकं होतं, हेही सांगतो. आणि जीपीएसला उंचीतला कल नीट सापडायला काही वर्षांची नोंद लागते.

किनाऱ्यावर घर असणाऱ्याला मात्र गेजचाच आकडा कामाचा. पाणी उंबऱ्यापाशी येतं ते समुद्र चढणं आणि जमीन खचणं या दोन्हींच्या बेरजेनं.

स्टेशनवर गेलात तर आधी लेव्हल-बुक मागा. कातळावरच्या बेंचमार्कपासून गेजपर्यंत शेवटची लेव्हल कधी मारली ते बघा, आणि ते पान अहवालाला जोडायला लावा.