नसलेला पाय दुखतो, असलेला दुखत नाही

प्रश्न : नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या बाजूला. आप्पांना शुगर आहे. गेल्या पावसाळ्यात रोप लावणीच्या वेळी पायात काटा मोडला तो त्यांना कळलाच नाही, मग जखम चिघळली, काळी पडली आणि शेवटी बेळगावात नेऊन उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता जखम भरलीय, पण रात्री ओरडून उठतात, अंगठा पिळवटतोय म्हणतात, आणि तो अंगठा तर नाहीच. भाऊ म्हणतो मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नको. शेजारची मावशी म्हणते काढलेला पाय नीट पुरला नसणार, देवर्षीकडं न्या. भजनातले एक काका म्हणाले, बघा, शरीर गेलं तरी आतला पाय राहतोय, म्हणजे आत्मा वेगळा हे सिद्धच झालं की. आप्पा खोटं बोलणारे नाहीत. पण स्वतःचं शरीरच असं खोटं सांगायला लागलं तर माणसानं विश्वास कशावर ठेवायचा?
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : ताई, भावाला आधी एवढं सांगा की आप्पांना जे होतंय ते लई जुनं आणि लई जणांना होणारं आहे. फ्रान्समधल्या आम्ब्रुआझ पारे नावाच्या शल्यवैद्यानं सोळाव्या शतकात हे लिहून ठेवलंय, अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गेलेल्या सैनिकांना तपासून सायलस वीअर मिचेल या डॉक्टरांनी 1871 मध्ये त्याला 'फँटम लिंब' असं नाव दिलं, आणि आज डॉक्टरांना विचाराल तर ते सांगतील की हात किंवा पाय गेलेल्या बहुतेकांना तो अवयव अजून आहे असं कधी ना कधी वाटतंच, कुणाला नुसती खाज, कुणाला मुंग्या, कुणाला आप्पांसारखी पिळवटणारी कळ. देवर्षीकडं न्यायची काहीच गरज नाही. मावशी काळजीपोटी बोलल्या असतील, पण पाय कुठं पुरला याच्याशी ह्या दुखण्याचा संबंध नाही, आणि तिकडं जाण्यात डॉक्टरकडं जायचे दिवस वाया जातात ते वेगळंच.

आता हे होतं कसं. पायाची जाणीव पायात होते असं आपण धरून चालतो, पण पायातल्या नसा पाठीच्या कण्यातून मेंदूपर्यंत जातात आणि मेंदूत अंगाच्या एकेका भागाची जागा ठरलेली असते, पायाची जागा साधारण वर, मधल्या फटीत. पाय काढला तरी ती जागा तिथंच राहते, आणि कापलेल्या नसांची टोकंही अधूनमधून संदेश पाठवत राहतात. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1641 मध्ये हेच दोरीच्या उदाहरणानं सांगितलं होतं, लांब दोरी मध्येच कुठंतरी ओढली तरी पलीकडचं टोक तसंच हलतं, त्या टोकाला कसं कळणार की ओढ कुठून आली? त्यानंच पुढं एका मुलीबद्दल लिहिलंय, तिचा हात सडल्यामुळं कोपरापासून काढला होता पण तिला ते कळू दिलं नव्हतं, आणि ती नसलेल्या बोटांत दुखतंय म्हणून तक्रार करत होती. ती पोरगी खोटं बोलत नव्हती, आप्पाही बोलत नाहीत. दुखणं शंभर टक्के खरं आहे, फक्त त्याचा पत्ता चुकलाय.

आणि ताई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, मला मात्र तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. काटा मोडला तो त्यांना कळलाच नाही. शुगर बरीच वर्षं असली की पायाच्या नसा बधिर होत जातात, मग काटा, फोड, चप्पल चावलेली, गरम पाणी, काही म्हणजे काही जाणवत नाही. म्हणजे एकाच माणसाच्या बाबतीत शरीर दोन्ही बाजूंनी चुकलंय, तेव्हा पाय होता आणि जखम होती तरी आतून हूं की चूं नाही, आणि आता पाय नाही तर रात्रभर बोंब. इंद्रियांवर विश्वास ठेवायचा का या तुमच्या प्रश्नाला यापेक्षा जवळचं उदाहरण मी कुठून आणू? आतून जाणवतंय म्हणून तिथं काही आहेच असं नाही आणि जाणवत नाही म्हणून काही नाहीच असंही नाही.

मग काय, सगळंच सोडून द्यायचं? अजिबात नाही. आपल्या न्यायशास्त्रात (कोर्टातला न्याय नव्हे, खरं ज्ञान कसं ओळखायचं ते सांगणारं जुनं दर्शन) गौतम ऋषीनं प्रत्यक्ष ज्ञान म्हणजे काय ते सांगताना इंद्रियाचा वस्तूशी संबंध आला एवढ्यावर भागवलं नाही, ते ज्ञान चुकीचं नसलं पाहिजे अशी अटच घातली, आणि त्याच्या सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं तिथं उन्हाळ्यातल्या मृगजळाचं उदाहरण दिलं. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, नव्हतं. पण ते नव्हतं हे कशानं कळलं? परत डोळ्यांनीच, आणि पायाखालच्या कोरड्या जमिनीनं. एका इंद्रियाची चूक दुसऱ्या इंद्रियानं, दुसऱ्या जागेवरून, दुसऱ्या माणसाकडून पकडता येते, आणि घरात हे आजपासून करता येतं. आप्पांचा डावा पाय रोज संध्याकाळी तुम्ही स्वतः बघा, तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, हात फिरवून बघा. त्यांना विचारून थांबू नका, कारण 'काय नाही गं, बरा हाय' असंच ते सांगणार आणि मनापासून सांगणार. अनवाणी चिखलात उतरू देऊ नका, पाणी गरम आहे का ते तुमच्या हातानं बघा.

भाऊ 'मनाचे खेळ' म्हणतो त्याचा मला खरंच राग येतो, त्याचा नाही, त्या म्हणण्याचा. आपल्याकडं मनाचं आहे म्हटलं की विषय संपतो, जणू मन अंगाच्या बाहेर कुठंतरी राहतं आणि तिथलं दुखणं हिशोबात धरायचं नसतं. तेच दुखणं आरशानं कमी व्हायला मदत होते त्याचं काय करायचं मग? विलयनूर रामचंद्रन हे मूळचे तमिळनाडूचे मेंदूतज्ज्ञ, त्यांनी 1990 च्या दशकात ही साधी युक्ती काढली. दोन्ही पायांच्या मध्ये उभा आरसा धरायचा, आरशाची बाजू चांगल्या पायाकडं, म्हणजे त्यात बघताना गेलेला पाय परत आल्यासारखा दिसतो, मग चांगला पाय सावकाश हलवायचा, बोटं मोकळी करायची आणि नजर आरशात ठेवायची. 2007 मध्ये अमेरिकेत पाय गमावलेल्यांवर याची चाचणी झाली, रोज 15 मिनिटं, 4 आठवडे, आणि आरशात बघणाऱ्या गटातल्या सगळ्यांची वेदना कमी झाली. गट लहान होता आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण खर्च एका आरशाचा. पहिल्यांदा पाय दिसल्यावर आप्पांना रडू येईल कदाचित, येऊ द्या, जवळ बसा. शिवाय कापलेल्या टोकाला नसेची गाठ झालीय का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या, अशा दुखण्यावर नसांच्या वेगळ्या गोळ्या असतात, पेनकिलर आपल्या मनानं देत बसू नका, किडनीवर येतं ते.

काकांचं राहिलं. आत्मा आहे की नाही हा प्रश्न मोठा आहे आणि त्यांच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही, पण आप्पांचा पाय त्याचा पुरावा होत नाही. कण्याजवळ त्या पायाच्या नसा बधिर केल्या तर काही जणांची ही वेदना तेवढ्यापुरती थांबते, आणि अंगापासून सुटा असलेला पाय इंजेक्शननं गप्प बसायचं कारण नाही. देकार्त स्वतः मन आणि शरीर वेगळं मानायचा, त्याला 1643 मध्ये बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथनं पत्रातून विचारलं की मनाला जर लांबीरुंदी काहीच नाही तर ते शरीराला हलवतं कसं. तिचं समाधान होईल असं उत्तर त्याला शेवटपर्यंत देता आलं नाही. मला विचाराल तर तिचा प्रश्न अजून तसाच उभा आहे, काका भेटले की त्यांनाही विचारा, चांगली चर्चा होईल.

प्रश्न : सर, उगवताना चंद्र एवढा मोठा दिसतो आणि वर गेला की लहान. डोळ्यांचा दोष का हवेचा?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : हवेचा नाही बाळा, आणि डोळ्याच्या भिंगाचाही नाही. पौर्णिमेला चंद्र उगवताना हात लांब करून करंगळीच्या नखानं झाकून बघ, मग रात्री डोक्यावर आला की परत तसंच कर, नख तेवढंच पुरतं. खरं तर क्षितिजावर असताना तो आपल्यापासून थोडा लांबच असतो, म्हणजे किंचित लहान दिसायला हवा. मोठेपणा मेंदू देतो, नक्की कसा यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आणि हे सगळं कळल्यावरही पुढच्या पौर्णिमेला तो तुला मोठाच दिसणार, जसं आरशातला पाय खरा नाही हे माहीत असूनही माणसाची कळ उतरते. मोबाईलवर झूम न बदलता दोन्ही वेळचे फोटो काढ आणि पट्टीनं मोजून वर्गात दाखव.