टीव्हीवरून उतरवलेल्या जुन्या मालिका घरापुरत्या कन्व्हर्ट करता येतात का?

अमळनेरच्या घरी वडिलांनी १९९६ साली टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या मालिकेच्या व्हीएचएस कॅसेट एमपी४ करून घेतल्या तर कॉपीराइटचा भंग होतो का, असे आपण विचारले आहे. मी वकील नाही. जळगावात लग्नाच्या शूटिंगचे आणि कॅसेट कन्व्हर्ट करण्याचे काम करतो, आणि गिऱ्हाईक हाच प्रश्न वारंवार विचारत असल्यामुळे ही कलमे वाचावी लागली.

घरात बसून पाहायला अडचण दिसत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या वाजवी वापराला भंग मानत नाही, आणि प्रसारणाविषयीचे कलम ३९ तर रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या स्वतःच्या खासगी वापराला स्पष्ट मोकळीक देते. ही मोकळीक स्वतःच्या वापरापुरती आहे, दुकानदारासाठी नाही, म्हणून मी फाइल पेनड्राइव्हवर दिली की माझ्याकडची पुसून टाकतो.

यूट्यूबवर टाकणे मात्र वेगळे. कॅसेट जुनी झाली म्हणजे हक्क संपला, हा समज आमच्याकडे फार आहे. १९९६ च्या प्रसारणावरील वाहिनीचा २५ वर्षांचा हक्क २०२१ अखेर संपला, हे खरे; पण त्याच वर्षी प्रथम दाखवलेल्या मालिकेवरील निर्मात्याचा ६० वर्षांचा हक्क २०५६ अखेरपर्यंत चालतो.

सेट-टॉप बॉक्समधील रेकॉर्डिंगला बहुधा कुलूप असते, ते दुसरीकडे उघडत नाही. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडल्यास २०१२ साली आलेल्या कलम ६५अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ते काम मी घेतच नाही.

कॅसेट प्लेअरमध्ये घालण्यापूर्वी खिडकीतून रिळाची कड पाहावी. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते आणि प्लेअरचे हेड खराब करते. पत्र्याखालच्या माळ्यावर आपल्याकडचे उन्हाळे काढलेली कॅसेट तर आणखी जपून चालवावी.

आणि कॅसेट शेवटपर्यंत चालवून पाहावी. एका गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर मालिकेचा भाग संपल्यावर मुंग्या आल्या आणि त्यामागून हळदीच्या दिवशी अंगणात जात्याजवळ बसलेली त्याची आजी दिसली. लग्नाच्याच कॅसेटवर कोणी तरी मालिका उतरवली होती. पैसे देऊन करवून घेतलेल्या शूटिंगचा हक्क, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याचा असतो. तेवढा तुकडा त्याने त्याच संध्याकाळी सगळ्या भाऊबंदांना व्हॉट्सअॅपवर पाठवला.