आजोबांच्या युद्धकाळातल्या पत्रांत युद्धच नाही, मग ती ठेवून काय उपयोग?

तुम्ही लिहिलंय की १९७१ च्या युद्धाच्या वेळी आजोबांनी सीमेवरून पाठवलेली आंतरदेशीय पत्रं माळ्यावर सापडली, पण त्यांत नुसती खुशाली आणि शेतीची चौकशी आहे. ती टाकू नका. माझे वडील खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता पलटणीत होते, त्याच युद्धात होते, आणि त्यांच्या पत्रांतही लढाईचं एक अक्षर नाही.

याचं एक कारण सरळ आहे. पत्त्यात गावाचं नाव नसायचं, '५६ ए.पी.ओ.' असा लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक असायचा, आणि ठिकाण, पलटणीची हालचाल यातलं काही लिहायला मनाई होती. मला मोठं वाटतं ते दुसरं कारण. पुरंदरातल्या आमच्या घरी पत्र आलं की गुरुजी ते ओसरीवर मोठ्याने वाचायचे, शेजारीपाजारी ऐकायला बसायचे. मायना माझ्या आजोबांच्या नावाचा, 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार'. आईसाठी अगदी शेवटी एक ओळ, तीही तिचं नाव न घेता: 'मुलांची व स्वतःची प्रकृती जपणे.' चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कागदावर माणूस भीती कशी लिहिणार? सॅपर्सचं काम सुरुंग काढून वाट मोकळी करण्याचं. वडील लिहायचे, 'काम भरपूर आहे, जेवण चांगले आहे.'

आता तारखा बघा. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं, १७ डिसेंबरला पश्चिम आघाडीवर शस्त्रसंधी झाली. पण फौजा त्याच्या कितीतरी आधी पुढे सरकल्या होत्या, आणि सिमला करार जुलै १९७२ मध्ये झाला तरी पश्चिमेकडचं सैन्य मागे घेणं डिसेंबर १९७२ पर्यंत चाललं. म्हणजे तुमच्या हातातली पत्रं बहुधा वर्षभराची असतील, आणि ते वर्ष महाराष्ट्रात बहात्तरच्या दुष्काळाचं होतं. सीमेवर बंदुका थांबल्या तेव्हा इकडे विहिरी आटत होत्या.

घरून गेलेली पत्रं वडिलांना सांभाळता आली नाहीत, एकही उरलेलं नाही. पण त्यांचे प्रश्न उरलेत, आणि प्रश्न क्रमाने लावले की पलीकडची बाजू दिसते. आधी 'विहिरीला पाणी किती आहे?' मग 'पेरणीचे काहीच कळवले नाही.' मग दोन पत्रांत तोच प्रश्न पुन्हा. आणि दिवाळीनंतरच्या पत्रात, 'बैल विकल्याचे पाहुण्यांकडून समजले. मला का कळवले नाही?' आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. घरात लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, पोरांना सरकारी पूरक आहाराची सुकडी. घरून मात्र 'आम्ही सर्व खुशाल' असंच जात होतं. वडिलांना खडीचं कळलं ते सुट्टीवर आल्यावर, आईचे हात बघून. आईला सुरुंगांचं कळायला त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागली.

म्हणून पत्रं तारखेने लावा. तारीख नसेल तर टपालाचा शिक्का भिंगाखाली बघा. त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असतो, म्हणून शिक्क्याचा भाग कापून टाकू नका. प्लास्टिकचं लॅमिनेशन नको, सेलोटेप तर मुळीच नको, चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करून अक्षरं खातो. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घडीच्या कडेला आडवं लिहिलेलंही सोडू नका. जागा संपली की माणसं तिथेच मनातलं लिहीत. पेटीत आणखी जुने कागद असतील आणि ते मोडीत असतील, तर पुण्यात सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची घरची पत्रं आज आपल्याला बहुतेक कळतात ती सेन्सॉरने इंग्रजीत उतरवून ठेवलेल्या तुकड्यांतून. मूळ कागद, मूळ हस्ताक्षर फारच थोड्या घरांत राहिलं. तुमच्याकडे ते आहे.

आजी असतील तर त्यांना ही पत्रं वाचून दाखवा. आजोबांचा प्रश्न आला की थांबा आणि विचारा, तुम्ही याला तेव्हा काय उत्तर पाठवलं होतं, आणि खरं काय होतं. ते त्याच पत्राच्या तारखेखाली वहीत लिहून ठेवा.