गटातला वेळ फुकट जातो का?

प्रश्न : मी गेली दोन वर्षे घरी बसून एका परदेशी कंपनीसाठी ऑनलाइन सुटी कामे करते : छायाचित्रांवर खुणा करणे, पावत्यांवरील मजकूर उतरवून काढणे. कंटाळून दोनदा सोडले आणि दोन्ही वेळा सहकाऱ्यांच्या टेलिग्राम गटामुळे परतले. घरचे म्हणतात, गटात जाणारा वेळ फुकट. त्यांचे बरोबर आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : निम्मे बरोबर आहे. तो वेळ फुकट नसतो, बिनपगारी असतो.

या कामाचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे अ‍ॅमेझॉनचे २००५ मध्ये सुरू झालेले ‘मेकॅनिकल टर्क’ हे अशी सुटी कामे देण्या-घेण्याचे संकेतस्थळ. तेथे काम देणारा पूर्ण झालेले काम नाकारू शकतो. नाकारले की पैसे मिळत नाहीत, शिवाय कामगाराचे मंजुरीचे प्रमाण घसरते. बऱ्याच कामांना किमान ९५ टक्के मंजुरीची अट असल्याने शंभरातली सहा नाकारली गेली, तरी ती कामे हातची जातात. कोण विनाकारण नाकारतो, हे कंपनी सांगत नव्हती, म्हणून लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन या संशोधकांनी २००८ मध्ये ‘टर्कॉप्टिकॉन’ हे ऑनलाइन साधन तयार केले. त्यात कामगारच काम देणाऱ्यांना मोबदला, तत्परता, न्याय्यपणा आणि संवाद यांबद्दल गुण देऊ लागले.

नवखा माणूस बहुधा पहिल्याच नकाराला ‘आपल्यालाच जमत नाही’ असे समजून बाजूला होतो. तोच नकार आणखी दहा जणांना आल्याचे गटात कळले, की तो टिकतो. भारत आणि अमेरिकेतील अशा कामगारांचा अभ्यास करणाऱ्या मेरी ग्रे आणि सिद्धार्थ सुरी यांनाही, एकेकटे भासणारे हे लोक परस्परांना कामे सुचवतात, अडचणी सोडवतात, असेच आढळले. कंपनीने करायचे काम कामगार करतात आणि टिकलेल्या माणसांचा लाभ कंपनीला आयता मिळतो, हे मला खटकते.

मात्र टिकणे म्हणजे कमावणे नव्हे. कामे शोधण्यात आणि नाकारलेल्या कामांत गेलेला वेळ धरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘टर्क’वरील मध्यक कमाई (निम्म्या कामगारांची जिच्याहून कमी असते ती) ताशी सुमारे दोन डॉलर निघाली होती. म्हणून पंधरा दिवस वहीत काम, शोध आणि गट यांचे तास वेगवेगळे लिहा, आणि मिळालेल्या रकमेला तिन्हींच्या बेरजेने भागा. गटातल्या गप्पांचा वेळ मात्र त्यात धरू नका. तो कट्टा आहे, आणि कट्ट्याचा हिशेब घरच्यांनीही मागू नये.