परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय, पण व्हिसा आणि कंपनीची धास्ती जात नाहीये

"ऑफर तर आलीय, पण कंपनी खरी असेल का? व्हिसा रिजेक्ट झाला तर? आणि तिकडं गेल्यावर पगारच दिला नाही तर कुणाकडं जायचं?" हे प्रश्न घेऊन येणारी मुलं-मुली अलीकडं माझ्याकडं बरीच वाढलीत. बहुतेक एम.ए. बी.एड. झालेली, एखाद्या खाजगी इंग्लिश मीडियम शाळेत तुटपुंज्या पगारावर राबणारी, हुशार आणि कष्टाळू. त्यांची भीती मला कधीच फालतू वाटत नाही. त्यातली एक केस इथं सांगते, तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात ती आली ती आईला सोबत घेऊन, डिसेंबरमध्ये. शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए., मग बी.एड., शाळेत शिकवण्याचा अनुभव. जपानमधल्या एका कंपनीनं तिला तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून ऑफर दिली होती, ऑनलाइन इंटरव्ह्यू झालेले, कॉन्ट्रॅक्ट मेलवर आलेलं, आणि तिथलं शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं म्हणून मार्चअखेर पोचायचं होतं. "मॅडम, मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर त्या कंपनीबद्दलच वाचत बसतो, आणि जेवढं वाचतो तेवढं डोकं जास्त फिरतंय," ती आपल्या कोल्हापुरी ढंगात म्हणाली. आई गप्प बसून ऐकत होत्या, मग एकदम म्हणाल्या, "हिचे मामा म्हणतात, पोरीला नेऊन विकतील."

मामांनी घरच्या ग्रुपवर बातम्या टाकल्या होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानंच इशारा दिला होता की थायलंडमध्ये नोकरी म्हणून आपल्या तरुणांना बोलावून म्यानमारमध्ये नेलं जातंय, मोठ्या पगाराचं आमिष, आणि बरेचदा व्हिजिट व्हिसावर. गंमत म्हणावी का दुर्दैव, त्याच मामांच्या ओळखीचा एक एजंट तिला सांगत होता की जपानचं राहू दे, दीड लाख भर, टुरिस्ट व्हिसावर थायलंडला जा, शिकवायला लाग, व्हिसा तिकडं गेल्यावर कन्व्हर्ट होतो. म्हणजे ज्याची भीती घालायची, तोच रस्ता दाखवायचा! मी यावर तिला स्पष्ट सांगितलं, इथं मी गुळमुळीत बोलत नाही: टुरिस्ट म्हणून जाऊन कामाला लागायचं नाही, कुठल्याच देशात नाही. आणि परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला आपल्याकडं १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, आणि उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. दीड लाख मागणाऱ्याला फक्त नोंदणी नंबर मागायचा. तिनं मागितला. मग त्याचा फोन यायचा बंद झाला.

पण जपानची धास्ती तशीच राहिली. ती मला परत परत एकच विचारायची, "मॅडम, सगळं नीट होईल ना?" या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून तो रात्रभर फिरत राहतो. मी तिला वही काढायला लावली, एका ओळीत एकच काळजी, पुढं हे कुणाला माहीत असेल, आणि त्याला विचारायचं कधीपर्यंत. पहिल्या दिवशी पान भरलं. त्यातल्या बऱ्याच ओळी कुणाला तरी विचारता येण्यासारख्या होत्या, आणि तिनं त्यातलं काहीच विचारलं नव्हतं. का, तर "जास्त विचारलं तर ते ऑफर काढून घेतील." हे मी दर दुसऱ्या मुलीकडून ऐकते. अगं, जी कंपनी चार प्रश्नांनी चिडून ऑफर काढते ती तिकडं गेल्यावर आजारपणाची रजा तरी देईल का? कंपनी प्रश्नांना कशी वागते ही आपल्याला इथं बसून करता येणारी सगळ्यात चांगली तपासणी आहे, आणि ती फुकट आहे.

मग आम्ही व्हिसाच्या ओळी घेतल्या. जपानमध्ये आधी कंपनी तिथल्या इमिग्रेशनकडं अर्ज करते आणि तुमच्या नावानं पात्रतेचं प्रमाणपत्र निघतं, सगळे त्याला सीओई म्हणतात. ते आलं की मग इथून व्हिसाचा शिक्का, आपल्याला मुंबईतनं. सीओई तीन महिने चालतं, त्यात जपानमध्ये पोचायचं, आणि यायला साधारण एक ते तीन महिने लागतात. या अर्जाला जपान सरकार फी घेत नाही, त्यामुळं कुणी "सीओईचे चाळीस हजार" म्हणालं तर ते पैसे कुठं जाणार ते समजून घ्या. तिची आणखी एक अडचण मला आधी कळलीच नव्हती, ती म्हणजे नाव. पदवीवर आडनाव आधी मग तिचं मग वडलांचं, पासपोर्टवर वेगळा क्रम, आणि वडलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक अक्षर जास्त. एवढ्या एका अक्षरावर ती आठवडाभर झोपली नव्हती. कंपनीला मेल केला, उत्तर आलं की महाराष्ट्रातल्या उमेदवारांचं असं नेहमी असतं, खुलाशाचं एक पत्र सही करून पाठवा. विषय संपला.

एक मात्र इथंच सांगते, कारण यात खूप मुलांचे पैसे आणि वर्ष वाया जातं. जपानच्या सरकारी शाळेत शिकवायचा जो व्हिसा असतो त्याला किमान बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं लागतं. ही पहिलीपासून इंग्लिश मीडियमची होती म्हणून जमलं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना ही वाट अवघड आहे, त्यांचं इंग्रजी कितीही उत्तम असलं तरी. खाजगी भाषा-शाळांचा व्हिसा वेगळ्या प्रकारात येतो, तिथं पदवी महत्त्वाची, ते बघता येतं. आणि दक्षिण कोरियाचा ई-टू नावाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा साधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, भारत त्यात नाही. तेव्हा कुणी "कोरियाला लावून देतो" म्हणालं तर कुठल्या व्हिसावर हे आधी विचारा.

कंपनीच्या ओळी. जपानमधल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला तेरा आकडी नंबर असतो आणि तो तिथल्या कर खात्याच्या साइटवर कुणालाही शोधता येतो. माझ्या समोर बसून तिनं शोधला, नाव जुळलं, पत्ता कॉन्ट्रॅक्टवरच्या पत्त्याशी जुळला. तेव्हा पहिल्यांदा तिचे खांदे जरा खाली आले. अर्थात कंपनी खरी आहे म्हणजे चांगली आहे असं नाही, म्हणून कॉन्ट्रॅक्ट ओळ न् ओळ वाचलं. आठवड्याला साडेएकोणतीस तास, असं लिहिलेलं. हा आकडा उगीच नसतो, तीस तासांच्या खाली ठेवून पन्नासपर्यंत नोकरदार असलेल्या छोट्या कंपन्या नोकरदारांच्या आरोग्य विमा आणि पेन्शनमधला आपला वाटा टाळतात, मग राष्ट्रीय आरोग्य विम्याचा हप्ता तुम्हाला स्वतः भरावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऑगस्टमध्ये, पगार कमी. पहिला पगार पुढच्या महिन्याच्या शेवटी, म्हणजे जवळजवळ दोन महिने स्वतःच्या पैशावर काढायचे, वर घर घेताना डिपॉझिट आणि इतर रकमा. घरी सगळ्यांनी महिन्याच्या येनला रुपयात गुणून ठेवलं होतं आणि वडील पतसंस्थेचं कर्ज वर्षात फेडायच्या हिशोबात होते. तो हिशोब आम्ही वडलांना बोलावून परत मांडला. वर्षाचे दोन झाले. वडील नाराज झाले, पण म्हणाले, "हे आत्ता कळलं ते बरं झालं."

आणखी एक कलम होतं, मुदतीआधी सोडलं तर ठराविक रक्कम भरायची. जपानच्या कामगार कायद्याच्या १६ व्या कलमात नोकरी सोडल्याचा दंड आधीच ठरवून ठेवायला मनाई आहे. तिनं नम्रपणे, पण सरळ विचारलं की ही रक्कम कशाची. दोन दिवसांत उत्तर आलं, घराचा करार मध्येच मोडला तर घरमालक घेतो ती रक्कम, आणि सोबत घराच्या कराराचं ते पान. तसं दुरुस्त करून कॉन्ट्रॅक्ट पुन्हा पाठवलं. पासपोर्ट कुणाकडं राहणार, हेही तिनं विचारलं. उत्तर: तुमच्याकडंच.

राहिली सगळ्यात मोठी ओळ, तिकडं गेल्यावर फसवलं तर. मी तिला खोटा धीर दिला नाही. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये नोव्हा ही जपानमधली सगळ्यात मोठी इंग्रजी शाळांची साखळी बुडाली आणि हजारो परदेशी शिक्षक थकलेल्या पगारासकट रस्त्यावर आले. म्हणजे मोठं नाव असलं तरी होऊ शकतं. पण जपानमध्ये राहायचा परवाना कंपनीचा नसतो, तुमचा असतो. त्याच प्रकारच्या कामात कंपनी बदलता येते, फक्त चौदा दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं, आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ रिकामं बसलं तर परवाना रद्द होऊ शकतो. थायलंडसारख्या ठिकाणी असं नाही, तिथं नोकरी सुटली की राहायची परवानगीही सुटते. हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे परतीच्या तिकिटाचे आणि तीन महिन्यांचे पैसे बाजूला असले की मी अडकत नाही." बरोबर. ते पैसे बाजूला ठेवायचे आणि त्यांना हात लावायचा नाही, असं तिनं स्वतःच ठरवलं.

शाळेचा राजीनामा ती जानेवारीतच देणार होती, "मन मोकळं होईल" म्हणून. मी थांबवलं. व्हिसा नाकारला जाऊ शकतो, सीओई नाकारलं तर कारण विचारून पुन्हा अर्ज करता येतो, पण तोवर घरात पगार यायला हवा. एक महिन्याच्या नोटिशीत काम भागत होतं. सीओई हातात आल्यावर राजीनामा, त्याआधी मुख्याध्यापकांना तोंडी कल्पना.

या सगळ्यात वहीच्या पानावर दोन ओळी अशा उरल्या ज्या कुणालाच विचारता येत नव्हत्या. एक, "एकटी पडले तर." दुसरी तिनं फार उशिरा लिहिली, "सहा महिन्यांत परत आले तर गल्लीत काय म्हणतील." माझ्या मते व्हिसाच्या भीतीमागं बरेचदा हेच दडलेलं असतं, आणि व्हिसाबद्दल बोलणं सोपं असतं म्हणून आपण व्हिसाबद्दल बोलतो. यावर मी आई-वडलांसमोरच विचारलं, ही परत आली तर तुम्ही काय म्हणाल? आई लगेच म्हणाल्या, "घर तिचंच हाय, यायला कुणाची परवानगी?" वडलांना वेळ लागला. स्थळं यायला लागली होती, नातेवाइकांत आधीच सांगून झालं होतं, त्यांचीही मान अडकली होती. ते म्हणाले, "लोकांना मी बघतो. तू पैशासाठी तिकडं सोसत बसू नको." त्या रात्री ती झोपली, असं तिनं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.

सीओई फेब्रुवारीच्या शेवटी मेलवर आलं. राजीनामा, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, व्हिसा, मार्चमध्ये विमान. काळजी गेली नाही, ती विमानतळावरही होती, फक्त ती रात्रभर मोबाईल बघण्याइतकी राहिली नाही. ऑगस्टच्या कमी पगाराचे पैसे तिनं जूनपासून बाजूला काढले. कंपनी ठीक आहे, फार भारी नाही, दोन शाळांमधला प्रवासखर्च उशिरा देतात, त्यासाठी ती मेल करते आणि मिळतो. आता पुढच्या वर्षी विम्यात वाटा भरणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडं अर्ज करायचा तिचा विचार चाललाय.