पुण्यात जिम लावायची आहे. जुन्या मेंबरांना आपल्या जिमचं काय आवडतं आणि काय खटकतं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नुकतेच कर्वेनगरला राहायला आलात, घराच्या आसपास तीन-चार जिम आहेत आणि प्रत्येक जण वर्षाचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागलाय. पैसे भरण्याआधी तिथे रोज येणाऱ्या लोकांचं मत कळावं, असं तुम्हाला वाटतंय. अगदी योग्य प्रश्न आहे. मी कोथरूडला राहते, पन्नाशी उलटली आहे. हाडांची घनता कमी निघाली तेव्हा डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितलं आणि मी जिम लावली. मध्ये एकदा जिम बदललीसुद्धा, त्यामुळे दोन्हीकडच्या मेंबरांच्या गप्पा आणि कुरबुरी भरपूर ऐकल्या आहेत.

मशीन किती आणि कुठल्या कंपनीची, यावर जिम ठरवू नका. वर्षानुवर्षं टिकलेल्या मेंबरला काय आवडतं असं विचारलंत, तर तो क्वचितच मशीनबद्दल बोलेल. तो ट्रेनरचं नाव घेईल. आणि जो कंटाळून सोडतो, त्याची तक्रार खोदून विचारलीत तर तीही बहुतेक वेळा ट्रेनरपाशीच येऊन थांबते.

फ्लोअर ट्रेनर म्हणजे तुमच्या फीमध्येच येणारा, त्या वेळेला हॉलमध्ये हजर असणारा माणूस. वॉर्मअप करून घेणं, आठवड्याचं शेड्यूल लिहून देणं, स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) मारताना पाठ गोल झाली की थांबवणं, हे त्याचं काम. पण बऱ्याच ठिकाणी त्याचा पगार बेताचा असतो आणि वरची कमाई पर्सनल ट्रेनिंगच्या, म्हणजे पीटीच्या, कमिशनवर चालते. मग सुरुवातीचे काही दिवस तुमच्याकडे बारीक लक्ष असतं, त्यानंतर ‘पीटी घ्या, रिझल्ट लवकर दिसेल’ सुरू होतं, आणि तुम्ही नाही म्हटलंत की तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला. नवे लोक आळसामुळे जिम सोडतात असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. पुढे काय करायचं ते कळत नाही, विचारायला संकोच वाटतो, ट्रेडमिलवर थोडं चालून माणूस घरी जातो आणि हळूहळू येईनासा होतो. पैसे तर आधीच घेतलेले असतात, त्यामुळे तो का येत नाही हे कुणी विचारत नाही. याचा मला खरोखर राग येतो.

आमच्याकडचा सकाळचा ट्रेनरही पीटी घेतो, पण मधल्या वेळात तो हॉलभर फिरतो. एका निवृत्त काकांचा गुडघा दुखतो हे त्याच्या ध्यानात असतं, लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, तो त्यांना ठरावीक अंतराच्या खाली जाऊ देत नाही. मला डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलणं, शिकवताना त्याने आधी पाठीला काठी लावून कमरेतून वाकायला शिकवलं, मग हलका रॉड दिला आणि ते नीट जमल्यावरच २० किलोचा ऑलिंपिक रॉड हाती दिला. कुणी आठवडाभर दिसलं नाही तर त्या माणसाला फोन जातो. आमच्या बॅचचे अर्धेअधिक लोक केवळ या मुलामुळे दरवर्षी पैसे भरतात.

असं लक्ष ठेवणारा माणूस पुण्याला नवा नाही. पेठांमध्ये गल्लोगल्ली तालमी होत्या. मानाच्या तिसऱ्या गणपतीच्या मंडळाच्या नावात, गुरुजी तालमीत, ती ओळख अजून टिकून आहे. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ ही व्यायामाची संस्था काढली ती १९२४ साली. जोर-बैठका काढणाऱ्या पोराकडे वस्तादाचं लक्ष असायचं आणि चुकलं तर तिथल्या तिथे ऐकून घ्यावं लागायचं. आज हॉलला एसी आहे, मोठाले आरसे आहेत, पण वजनाखाली चुकीच्या पद्धतीने वाकलेल्या माणसाला हटकणारं कुणी नसेल तर त्या जागेचे पैसे देऊ नका.

यानंतरची मोठी तक्रार गर्दीची आणि गर्दीत वागण्याची. सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सातच्या पुढे एकच स्क्वॉट रॅक (स्क्वॉटसाठी रॉड ठेवायचा सांगाडा) असतो, त्यात कुणीतरी बायसेप्स मारत उभा असतो किंवा बेंचवर बसून मोबाइल बघत असतो. सोमवारी सगळ्यांचा चेस्टचा, म्हणजे छातीच्या व्यायामाचा, दिवस असतो, त्यामुळे बेंच प्रेसला (बाकावर आडवं होऊन रॉड वर ढकलायला) रांग लागते. जानेवारी तर विचारूच नका. (गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की आमच्याकडची संध्याकाळची तरुण मंडळी नदीपात्रात जातात आणि हॉल मोकळा होतो.) गर्दी एक वेळ सोसते, पण लेग प्रेसवर २० किलोच्या प्लेट तशाच ठेवून निघून जाणं सोसत नाही. पुढचा माणूस साठीचा असेल, पुढची बाई पहिल्याच आठवड्यातली असेल, तिने त्या प्लेट काढायच्या कशा? जिथे प्लेट आणि डंबेल जागच्या जागी परत जातात तिथे मालकाचं लक्ष आहे असं समजा. गर्दीपेक्षाही हे आधी बघून घ्या.

स्वच्छतेचं फार लिहीत नाही, नाकाला आणि डोळ्याला ते आपोआप कळतं. बेंचवर नॅपकिन टाकायची आणि आतले बूट वेगळे ठेवायची सक्ती आहे का, तेवढं बघा. एक गोष्ट मात्र हाताने तपासा. लॅट पुलडाऊन आणि केबल क्रॉसओव्हर या तारेने वजन ओढायच्या मशीनच्या तारेवरचं प्लॅस्टिक फाटून आतले तुटलेले धागे दिसत असतील, तर त्या मशीनवर बसू नका. ते किती दिवस तसंच आहे हे मेंबरांना विचारा. संगीत कर्कश असतं, दुचाकी लावायला जागा नसते, देखभालीसाठी गुरुवारी वीज गेली आणि जनरेटर नसला की घामाघूम व्हायला होतं. या तक्रारी सगळीकडे ऐकू येतील. त्यातलं तुम्हाला काय चालतं ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही बाई आहात की पुरुष हे लिहिलेलं नाही, तरी हे सांगते. बायकांना आवडणारी जिम म्हणजे गुलाबी भिंती आणि दुपारची लेडीज बॅच एवढंच नव्हे. चेंजिंग रूमची कडी नीट लागते का, एखादी बाई ट्रेनर आहे का, पुरुष ट्रेनर हात लावण्याआधी विचारतो का, यावर आम्ही जिम ठरवतो. आधीच्या जिममध्ये मला ‘काकू, एवढं वजन कशाला, तुम्ही झुंबा करा’ असं सुचवलं जायचं. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करायला सांगते, शिवाय १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम वेगळा. पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्याने झिजतात, त्यामुळे माझ्या वयाच्या बाईला तर वजनांची गरज जास्तच आहे. जो ट्रेनर बायकांना वजनांपासून लांब ठेवतो, त्याला आपलं काम कळलेलं नाही.

आता पैसे. सगळ्यात कडवट तक्रारी इथल्याच असतात. बारा महिन्यांचे भरले आणि चौथ्या महिन्यात शटरला कुलूप, आजारपणात मेंबरशिप फ्रीझ करायला, म्हणजे तात्पुरती थांबवायला, नकार, शाखा बंद करून ‘आता दुसऱ्या शाखेत जा’ म्हणणं, ट्रेनरने बिलाशिवाय गळ्यात मारलेला प्रोटीनचा डबा. जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा कोटेशनमध्ये किती लावलाय ते वाचा. पावतीवर ‘फी परत मिळणार नाही’ छापलं म्हणून विषय संपत नाही. सेवेत खोट असताना ती थांबवून पैसे परत द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. अर्थात आपणच जाणं सोडलं तर ती सेवेतली खोट ठरत नाही. प्रोटीन घेतलंतच तर डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक आहे का ते पाहा आणि पक्कं बिल मागा.

तुम्ही ज्या वेळेला रोज जाणार, त्याच वेळेला ट्रायल मागा. दुपारी तीनला हॉल दाखवतात तेव्हा सगळ्या जिम सुंदर दिसतात. काउंटरवरच्या माणसाला सोडा, दोन सेटच्या मध्ये दम खात बसलेल्या जुन्या मेंबरला विचारा की वर्षभरात किती ट्रेनर बदलले आणि तुम्ही परत पैसे भरणार का. उत्तराआधी तो जरा घुटमळला तर पुढची जिम बघा. पटलं तर आधी तीनच महिन्यांचे पैसे भरा, यूपीआयने किंवा कार्डाने, आणि पावतीवर मुदत, शाखा आणि फ्रीझचे दिवस लिहून घ्या.